राखणदाराच्या ताब्यातल्या बॅटऱ्या

आमच्या कोरगावात प्रश्न विचारला म्हणून कोणी मेल्याचं मी ऐकलेलं नाही. न विचारल्यामुळे मात्र दोन बॅटऱ्या मेल्या, आणि त्यांच्यापायी ताराकाकीची लेक तिला कायमची दुरावायची वेळ आली होती. दोष कोणाचा, ते मी सांगणार आहे. शेजारी आहे म्हणून झाकून ठेवणार नाही.

गाडी जावयाची. यशवंतकाका आणि ताराकाकी यांची एकुलती मुलगी शुभांगी पुण्याला दिलेली. जावई महेश तिथे कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. मुदतीआधीच निवृत्त झाला आणि एक मिनीबस विकत घेऊन तिचं घर करून बसला. आत पलंग, ओटा, शेगडी, लहानसा फ्रीज, न्हाणीघरसुद्धा. इंजिनाची बॅटरी पुढे, तिच्या जागी. त्याशिवाय पलंगाखाली आणखी दोन, घरातल्या दिव्यांसाठी, पंख्यासाठी, फ्रीजसाठी. टपावर सोलर पॅनेल. पुण्याच्या सोसायटीत एवढं धूड उभं करायला जागा नाही, म्हणून पावसाळाभर गाडी सासऱ्याच्या अंगणात. दिवाळी झाली की नवरा-बायको यायची, गाडीतून गोकर्णापर्यंत कुठे कुठे भटकायची आणि मधूनमधून परत अंगणात येऊन मुक्काम ठोकायची.

गाडी नव्हती तेव्हा महेश सकाळी यायचा आणि दुसऱ्या सकाळी निघायचा. सासऱ्याच्या घरात आठ-आठ दिवस राहणारा जावई त्याचा त्यालाच पसंत नव्हता. शिवाय यशवंतकाकांचा संडास परसाच्या टोकाला. पावसात तिथे छत्री घेऊन जावं लागतं, हे कारण तो कधी बोलला नाही, पण आम्ही काय आंधळे आहोत? गाडीने ती अडचण मिटवली. गाडी अंगणात आणि जावई गाडीत, म्हणजे तो सासरी राहिलाही आणि राहिलाही नाही. शुभांगी मात्र दिवसभर आईच्या चुलीपाशी. वर्षात दोन रात्री मिळणारी लेक ताराकाकीला चांगली दोन महिने मिळायला लागली. म्हणजे ती गाडी काकीला काय होती, हे मी आणखी सांगायला नको.

पहिल्या वर्षी वैशाखात पुण्याला परतताना महेशने सासऱ्याला गाडीत बसवून सगळं समजावलं. पॅनेलवर ऊन पडू द्या, बॅटऱ्या रिकाम्या ठेवू नका, अधूनमधून आतला दिवा-पंखा चालवा, हा हिरवा दिवा पिवळा झाला तर लक्ष द्या. यशवंतकाका मान हलवत राहिले. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. पण सासऱ्याने जावयाला प्रश्न विचारायचा? त्यापेक्षा विहिरीत उडी मारलेली बरी, अशी आमच्याकडची रीत. या रितीचं ज्यांना कौतुक आहे, त्यांनी त्या दोन बॅटऱ्यांचे पैसे भरावेत.

मग काकांनी, त्यांना जे कळत होतं ते केलं. राखणदाराला गाऱ्हाणं घातलं.

आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या अंगाला, काजूच्या बागेच्या कडेला राखणदाराची, म्हणजे वस्तीची राखण करणाऱ्या देवाची, जागा आहे. गाऱ्हाणं घालायचा मान सखारामभावजींचा. त्यांनी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा राखणदारा म्हाराजा, आज हो तुझो सेवक यशवंत, जावयाची गाडी तुझ्या ताब्यात देता. चोराचिलटापासून, जनावरापासून, वाऱ्या-वादळापासून, वायट नदरेपासून तिची राखण कर, म्हाराजा." आम्ही सगळ्यांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. झालं. वस्तू देवाच्या ताब्यात गेली. आता दिवाळीनंतर नारळ देऊन सोडवून घेईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही.

काकांनी त्यावरही कळस केला. पावसाळ्यात आम्ही भिंतींना जशी माडाच्या झापांची विणलेली मोलां बांधतो, तशी त्यांनी गाडीला बांधली. चारी बाजूंनी आणि प्रेमाने टपावरूनसुद्धा. सोलर पॅनेल छान झाकून गेलं. काकी एकदा म्हणाली, की आतला तो दिवा बघायला हवा होता ना, जावई काहीतरी म्हणत होते. काका तिच्यावर उखडले. देवाच्या हातात दिलेली वस्तू उघडून तपासतेस, म्हणजे देवावर विश्वास नाही का तुझा?

दिवाळीनंतर मोलां सोडली. गाडीवर ओरखडा नाही, आत उंदराची लेंडी नाही, टायरांत हवा. काकांची छाती फुगली. महेशने पलंगाखालचं झाकण उचललं, आणि दोन्ही बॅटऱ्या मेलेल्या. एक तर कुशीला फुगलेली. महेश ओरडला नाही, आणि तेच वाईट झालं. ओरडला असता तर काकाही ओरडले असते आणि विषय संपला असता. तो नव्या बॅटऱ्या घेऊन आला, बसवल्या, आणि जाताना चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "मामा, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं, तर गाडी मी पुण्याजवळ एका यार्डात ठेवीन. तुम्हाला उगाच त्रास."

त्रास हा शब्द पुण्याच्या माणसाकडून ऐकावा. त्यात सगळं मावतं. काकी चुलीपाशी पाठमोरी होती, तिचा हात तसाच थांबला.

वाड्यावर दोन तट पडले. देवाने राखलं नाही, असं काहीजण दबक्या आवाजात म्हणू लागले. सखारामभावजी चावडीवर बसावं तसे दुकानाच्या बाकड्यावर बसून सगळ्यांना उत्तर देत. "तुमी मागलात कितें? चोर, जनावर, वारो, नदर. चोर इलो? जनावर इला? मगे? बॅटरेचा नाव तरी काढलात? न सांगता तेका कसा कळतला?" देव प्रामाणिक निघाला होता, आम्हीच अर्धवट बोललो होतो.

पुढच्या वैशाखात महेशने पुन्हा समजावलं, काकांनी पुन्हा मान हलवली. पण या खेपेला शुभांगी स्वयंपाकघरात आईजवळ बसली होती. तिने आईला बॅटरी आईच्या भाषेत सांगितली. "आई, बॅटरी म्हणजे विरजण. रोज काढायचं आणि रोज परत लावायचं. तसंच पडून राहिलं की आंबून फुकट जातं. आणि सगळं खाऊन टाकलंस तर उद्याचं दही कशाने लावशील? अर्धं तरी राखायचंच." काकीला जन्मभर पुरेल एवढं त्यात कळलं. महेशने इंजिनियर होऊन जे तीन तासांत सांगितलं, ते असं सांगता आलं असतं, पण त्याला विरजण कोण लावतं हे ठाऊक नसावं.

आता अडचण होती ती गाऱ्हाण्याची. एकदा राखणदाराच्या ताब्यात दिलेली गाडी दुसऱ्या वर्षी त्याला न विचारता ठेवली, तर तो अपमान. आणि ताब्यात दिली, तर हात लावायचा नाही. काका म्हणाले, नारळ चुकणार नाही. मग रोज दिवा कोण लावणार? काका म्हणाले, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

ताराकाकी त्या दिवशी राखणदाराकडे आमच्याबरोबर आली. बाईमाणसाने तिथे मागे उभं राहायचं, बोलायचं नाही. भावजींनी नारळ ठेवला, घसा साफ केला, आणि काकी मागूनच म्हणाली, "भावजी, थांबा. आधी माका आयकवा, तुमी कितें सांगतलात."

सगळे वळले. काका म्हणाले, अगो गप.

"गेल्या वर्षी गप रवलंय. तुमी देवाक अर्धा सांगलात, आणि माज्या चेडवाचा, शुभांगीचा, इथला दाणापाणी सुटाची पाळी इली. आता सगळा सांगा. म्हणा, गाडयेतलो उजवाड वाड्यावरच्यांनी रोज वापरचो. वापरलो तितको परत भरचो. अर्ध्याच्या खाली कोणी जावचो नाय. ही देवाची आज्ञा असा म्हणा."

"वहिनी," भावजी म्हणाले, "देवाची आज्ञा तुमी देवाकच सांगतात?"

"मगे देवाक बॅटरेतला कळता? तुमीच म्हटलात ना, न सांगता कळणा नाय."

भावजी स्वतःच्याच शब्दांत सापडले. त्यांनी जरा टाळू खाजवली, आणि मी देवाशपथ सांगतो, असलं सुंदर गाऱ्हाणं आमच्या गावात आधी कधी झालं नव्हतं. राखण कर म्हाराजा, उजवाड रोज वापरून घे म्हाराजा, वापरलेलो भरून घे म्हाराजा, अर्ध्याखाली जायत तेका सपनात येऊन जाब विचार म्हाराजा. आम्ही प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणत होतो, आणि तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही, की आम्ही सगळेच त्यात बांधले गेलो आहोत.

मोलां बाजूंनाच बांधली, टप उघडा. आणि दुसऱ्या दिवसापासून वाडा गाडीवर लोटला. देवाची आज्ञा. सकाळी मोबाईल लावायला रांग. दुपारी चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर काकूबायांची मालिका. ज्यांना कधी पंखा लागत नसे, असे दोन म्हातारे धर्मकार्य म्हणून पंख्याखाली झोपायला येऊ लागले. ताराकाकी दारात कदेल टाकून बसायची, म्हणजे साधी लाकडी खुर्ची, आणि तिची नजर हिरव्या, पिवळ्या, लाल अशा त्या तीन दिव्यांवर. हिरवा असेपर्यंत ती लक्ष्मी, पिवळा झाला की चामुंडा. वाड्यावरचीच विनोदिनी एकदा खोबरं वाटायला मिक्सर घेऊन आली. काकीने तिला गाडीच्या पायरीवरूनच परत पाठवलं. "एका वाटपाक अर्धो हंडो उजवाड पिता तो. रगडो झिजलो काय तुजो? का हात झिजले?" विनोदिनी पंधरा दिवस तिच्याशी बोलली नाही, पण मालिका बघायला यायची. न बोलता बघायची.

काका या सगळ्यापासून दूर. जावयाच्या गाडीत परकी माणसं, त्यांना बघवत नव्हतं. पण देवाच्या आज्ञेविरुद्ध बोलणार कसे?

श्रावण असा गेला. मग चवथ आली, आणि गणपती बसले त्याच संध्याकाळी वादळी पावसात फणसाची फांदी विजेच्या तारांवर कोसळली. एक खांब आडवा. गावात मिट्ट काळोख, मोबाईलचा टॉवरही गपगार. इथे लोक घटक राज्य झाल्याच्या दिवशी दरवर्षी भाषणं ठोकतात, मराठी की कोकणी यावर एकमेकांचे सदरे फाडतात. आम्ही घरात बोलतो ते बोलतो, कागदावर मराठी लिहितो, आणि दोन्ही भाषांत काळोखाला काळोखच म्हणतो.

गाडीवर ताण आला. यशवंतकाकांच्या मखराला वायर, शेजारच्या दोन घरांच्या गणपतींना वायर, भजनाला दिवा. वर ढग असे, की पॅनेलला सूर्याचं नखसुद्धा दिसेना. भरणं बंद, काढणं चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी पिवळा दिवा गेला आणि लाल लागला.

काकीने शेजारच्या वायरी काढल्या. मग ती घरात आली आणि मखराची वायर काढायला वाकली. काकांनी तिचा हात धरला. देवासमोरचा उजेड बंद करशील? नऊ दिवसांचा गणपती आहे आपला.

काकी वळून म्हणाली, "तो समईत बसलो तरी गणपतीच रवतलो. माजा चेडू मात्र यार्डात जायत."

काकांनी हात सोडला. मला वाटतं, यार्ड म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी स्वतः समईत तेल घातलं.

पण वायरी काढून लाल दिव्याचा हिरवा होत नाही. जितकं वापरलं तितकं परत भरायचं होतं, आणि गावात वीज नाही, आकाशात ऊन नाही. वाडा गंभीर झाला. अर्ध्याखाली गेलो होतो. भावजींना रात्री झोप लागेना, कारण सपनात येऊन जाब विचार असं त्यांनीच सांगून ठेवलेलं.

तोडगा विनोदिनीच्या नवऱ्याने काढला. सगुण मूळचा डिचोली तालुक्यातल्या पाळीचा. तिथल्या खाणीवर मातीचे ट्रक चालवायचा. खाण बंद झाली, तसा बायकोच्या माहेरी येऊन काजूची बाग बघत होता. तो म्हणाला, इंजिन चालू केलं की ह्या बॅटऱ्याही भरतात, वायर आहे तशी, मी बघितली. पण अंगणात उभी ठेवून घुरघुर करण्यात अर्थ नाही. गाडी रस्त्यावर पळायला हवी.

चावी देव्हाऱ्यात होती. जावयाची गाडी जावयाला न विचारता चालवायची? काका देव्हाऱ्याच्या आड येऊन उभे राहिले. फोन लागत नाही, विचारणार कसं? काकी म्हणाली, देवाने भरायला सांगितलंय, कशी भरायची ते सांगितलेलं नाही. आणि तिने देव्हाऱ्यातून चावी काढून सगुणच्या हातात दिली.

मग प्रश्न आला, जायचं कुठे? रिकामी गाडी पळवून डिझेल जाळायचं हे कोणालाच पटेना. चवथीत आम्ही घरोघरी आरतीला फिरतोच. सगुण म्हणाला, माझ्या बहिणीकडे पाळीला गणपती आहे, वर्षावर्षात जाणं होत नाही. बस्स. चौथ्या दिवशी सकाळी सगळा वाडा गाडीत. डिझेल वर्गणीचं. पलंगावर सहा बायका, ओट्यावर आरतीला वाजवायचं मातीचं घुमट, न्हाणीघरात बसायला जागा म्हणून दोघे म्हातारे, तेच ते पंखेवाले. विनोदिनी काकीच्या मांडीला मांडी लावून, आणि आता बोलत होती. यशवंतकाका येणार नव्हते. गाडी हलली तेव्हा धोतर सावरत धावत आले. गाडीवर लक्ष ठेवायला, म्हणाले.

धारगळ, कोलवाळचा पूल, अस्नोडा. वाटेत ओळखीचं घर दिसलं की थांबायचं, आरती म्हणायची, नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खायच्या, पुढे. डिचोली गाठेपर्यंत लाल दिवा विझून पिवळा झाला होता आणि गाडीत आरत्यांचा असा गजर, की सगुणला भोंगा वाजवायची गरज उरली नाही.

आणि डिचोलीच्या बसस्थानकासमोर रस्त्याच्या कडेला एक माणूस बॅग हातात घेऊन उभा. शेजारी शुभांगी.

पुण्याचा त्यांचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं, माहेरचा फोन लागेना, शुभांगीचा जीव राहीना, म्हणून रात्रीच्या बसने चोर्ल्याच्या घाटातून निघाली होती. म्हापशाची बस शोधत होती, आणि समोरून स्वतःचं घर झांजा वाजवत आलं. एका जनेलातून, म्हणजे खिडकीतून, घुमट बाहेर आलेलं, दुसऱ्यातून सासूबाई.

सगुणने ब्रेक मारला. झांजा आपोआप थांबल्या. काकांनी डोळे मिटून घेतले.

महेश चढला. कोणाकडे बघितलं नाही. पलंगावरच्या बायकांनी न सांगता पाय वर घेतले. त्याने झाकण उघडलं, बॅटऱ्यांवर हात ठेवून बघितला, तोंडं तपासली, मग उठून त्या तीन दिव्यांसमोर उभा राहिला. न्हाणीघरातला एक म्हातारा खोकला.

"पिवळा का?" तो म्हणाला.

सगळे काकीकडे बघू लागले. काकी म्हणाली, काल लाल होता. वीज नाही, ऊन नाही, म्हणून चालवून भरतोय. श्रावणात रोज हिरवा असायचा. रोज काढायचो, रोज भरायचो. मिक्सर कोणाला लावू दिला नाही. हे शेवटचं विनोदिनीने मान हलवून पक्कं केलं.

"रोज वापरत होता?"

"देवाची आज्ञा होती," सखारामभावजी मागून म्हणाले.

महेशने परत एकदा बॅटऱ्यांकडे बघितलं. एवढ्या महिन्यांनी त्या निरोगी होत्या. मग तो हसायला लागला. पुण्याचा माणूस आधी नाकातून हसतो, मग त्याला वाटलं तर तोंडाने. हा तोंडाने हसला, आणि पलंगाच्या कडेवर बायकांत बसला. "मामी, मी सोसायटीत ठेवली असती तरी एवढी निगा झाली नसती. गाडी तुमच्याकडेच राहू दे. यार्डवाल्याला कळवतो नको म्हणून."

काकीने शुभांगीला शेजारी ओढून घेतलं, जागा नव्हती तिथे जागा केली, आणि हातातली नेवरी मोडून अर्धी तिच्या तोंडात घातली.

गाडी पाळीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना खाणीची लाल माती, पावसाने धुतलेली. सगुण आपल्या गावच्या वळणांवर मजेत हात फिरवत होता. भावजींनी जावयाच्या हातात झांजा दिल्या. ताल त्याला जमत नव्हता, पण ते कोणी बोललं नाही. तेवढं सभ्य आम्हीही वागतो.

साखळी मागे टाकल्यावर यशवंतकाका जागेवरून उठले. दांड्याला धरून, माणसांचे पाय चुकवत, ते पुढे आले आणि जावयाशेजारी उभे राहिले. खाकरले. त्या तीन दिव्यांकडे बोट केलं.

"जावयबापू," ते म्हणाले, "हो पिवळो दिवो. ह्याचो अर्थ नक्की कितें?"

गाडीतलं आमच्या वाड्यावरचं प्रत्येक माणूस तेव्हा बाहेर बघायला लागलं, म्हाताऱ्याला लाज वाटू नये म्हणून. महेशने झांजा मांडीवर ठेवल्या आणि सरकून सासऱ्याला जागा दिली.

"बसा मामा," शुभांगीकडे बघत तो म्हणाला. "विरजण कसं लावतात, माहितीय का तुम्हाला?"

काकांना माहीत नव्हतं. पण आता त्यांनी मान हलवली नाही. त्यांनी मागे वळून काकीला विचारलं.